घरी गोड, मांडवात कर्कश

आगाशीत लग्नाचा मांडव सजलाय, बँड जमतोय. गिटार वाजवणाऱ्या पोराने आदल्या रात्री खोलीत, हळू आवाजात, गिटारचा सूर बदलणाऱ्या पेडलची बटणं मन लावून जुळवलेली. मांडवात अँप चढवला आणि तोच सूर घुमायला, कानात टोचायला लागला. पेडल बिघडलं? नाही. ऐकणं बदललं.

हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी तार स्वर कमी ऐकू येतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून घरी आपण नकळत दोन्ही टोकं वाढवतो. आइस्क्रीमचंच बघा ना! गार असताना जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून साखर जास्त घालतात. वितळलं की तेच अतिगोड लागतं. मांडवातही तसंच: आवाज मोठा झाला की घरी वाढवलेली टोकं घुमतात, टोचतात.

त्यात खर्जाची जागा ड्रम आणि बेस गिटारने आधीच अडवलेली. आपल्या गिटारला उरतो मधला पट्टा, नेमका घरी टोकं वाढवल्याने मागे पडलेला! डिस्टॉर्शन, म्हणजे सुराला मुद्दाम आणलेली खरखर, फार असेल तर आवाजाचे चढउतार सपाट होतात आणि गिटार गर्दीत हरवते.

तेव्हा पेडलवरचं बेसचं, म्हणजे खर्जाचं बटण थोडं उतरवा, मिड, म्हणजे मधला पट्टा चढवा, डिस्टॉर्शन आवरा. आणि बटणं मांडवातच, सगळा बँड वाजत असताना जुळवा.