सरकार हवं, विलीनीकरण नको

२००५ साली फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपीय राज्यघटनेचा करार नाकारला. दोन्हीकडे मोठे पक्ष कराराच्या बाजूने होते. ज्यांना निवडून दिलं, त्यांचाच शब्द लोकांनी का मोडला? देवळीत बसून हे समजून घ्यायला आपण गोव्याकडे पाहू.

१९६३ मध्ये तिथे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. महाराष्ट्रात विलीनीकरण हेच त्याचं ध्येय. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आणि दोनच महिन्यांनी भाऊसाहेब बांदोडकरांचा तोच पक्ष पुन्हा निवडून आला!

यात विसंगती नाही. निवडलेलं सरकार पाच वर्षांनी बदलता येतं; एकदा विलीन झालेलं राज्य सहजी परत मिळत नाही. शिवाय फायदा उद्याचा असतो, आणि जाणार असतं ते हातातलं: कोकणीचं स्थान, पणजीतला कारभार. म्हणून 'नाही' म्हणजे अडाणीपणा नव्हे. आयर्लंडने २००८ मध्ये लिस्बन करार नाकारला. काही हमी मिळाल्यावर २००९ मध्ये स्वीकारला. पहिल्या 'नाही'चा एक अर्थ 'असं नको' हाही होता.

आता आपलं. १९५३ चा नागपूर करार पुढाऱ्यांनी केला. विदर्भात कौल झालाच नाही. आपण काय म्हणालो असतो, कोण सांगणार? पण ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याच्या 'हो'ला वजन कुठून येणार?