प्रवरेचे पाणी नितळले की...

पिसांच्या कृत्रिम माशीवर ट्राउट कसा झेपावतो, याची रसभरित वर्णने वाचून एका दिवाळीच्या सुट्टीत मी गळ घेऊन भंडारदऱ्याला गेलो. पण ट्राउट पडला थंडगार पाण्याचा जीव. इंग्रजांनी तो काश्मिरात नि निलगिरीत रुजवला; रतनगडाच्या प्रवरेत तो कोठून यायचा? आपल्याकडचा मानकरी खडस, म्हणजे महसीर. कर्नल साइक्सने १८३९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली, तीही पुण्याच्या मुळा-मुठेवरून!

परतीचा पाऊस नुकताच पडून गेला होता. नदीकाठी एका वृद्ध कोळीबाबांनी माझी माशी निरखली. "मास्तर, ह्यो दागिना कुनाचा?" मग पाण्याकडे बोट करून म्हणाले, "तळाचा गोटा दिसंल तवा या." खरेच होते. असल्या माशीला मासा भुलतो तो नजरेने; गढुळात त्याला पिसे दिसणार कशी? गाळ खाली बसून पाणी नितळायला मार्गशीर्ष उजाडावा लागतो.

"आणि आषाढात?" मी विचारले.

पहिल्या पुरात मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, तिला वलगण म्हणतात. अंडी घालायला निघालेले ते जीव, आणि वर १९२६ साली पुरी झालेली विल्सन धरणाची भिंत.

बाबा जरा वेळाने म्हणाले, "तवा पोटुशी असत्यात. म्या न्हाई धरत."

त्याच आषाढात आमच्या घरी गाभोळी तळली होती आणि मी ती दोनदा मागून घेतली होती, हे काही मी बाबांना सांगितले नाही.