एका बीजातून उभा राहिलेला फड

संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड काही एकरांवर पसरला आहे. पारंब्या जमिनीत रुतून खोडांसारख्या जाड झाल्या, तरी ते झाड एकच, हे कुणालाही पटते. सगळे भाग एकमेकांना जोडलेले दिसतात. संगमनेरहून प्रवरेच्या काठाने खाली उतरले की राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे उसाचे फड लागतात. तिथे एकेका एकरात हजारो ऊस उभे असतात आणि ते हजारो निरनिराळे जीव आहेत असे आपण गृहीत धरतो. ही मोजणी अपुरी आहे. को 86032 या वाणाचा अहिल्यानगरमधला ऊस घ्या की कोल्हापुरातला, तो मुळात एकाच रोपाचा विस्तार आहे. सजीवांचा हिशेब मांडताना दिसणाऱ्या खोडांइतकेच पेशींच्या वंशाकडेही पाहायला हवे, आणि तसे पाहिले नाही तर त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

रॉबर्ट हुक याने 1665 मध्ये बुचाच्या पातळ कापात पेशी पाहिल्या, पण त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. वनस्पतींचे शरीर पेशींचे बनलेले असते हे श्लायडेनने 1838 मध्ये मांडले, श्वानने पुढच्याच वर्षी प्राण्यांविषयी तेच सांगितले, आणि 1855 मध्ये फिर्शोने प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच येते हे सूत्र ठामपणे पुढे आणले. आपल्या विषयाची किल्ली या तिसऱ्या विधानात आहे. पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात. पेशी दुभंगण्याआधी त्यांची नक्कल होते आणि दोन्ही पेशींना सारखाच वारसा मिळतो. वालाच्या शेंगेतला दाणा तयार होताना परागातली एक पेशी आणि फुलातली एक बीजांडपेशी यांचा संयोग होतो, त्यातून एक नवी पेशी आणि तिच्यातून नवे रोप. उसाची लागण मात्र टिपरीने होते. टिपरीवरच्या डोळ्यात वाढीच्या पेशी झोपून असतात, त्या ओलाव्याने जाग्या होतात आणि दुभंगत राहतात. इथे कोणताही संयोग घडत नाही. आईचेच शरीर पुढे वाढते. खोडवा ठेवला तरी तेच.

मग नवा वाण येतो कुठून? तोही बीजातूनच. कोइमतूरला 1912 मध्ये ऊस पैदास केंद्र सुरू झाले, कारण तिथे उसाला तुरा येऊन बी चांगले धरते. वाणाच्या नावातले ‘को’ हे त्या गावाचेच. तिथे टी. एस. वेंकटरामन यांनी गोड उसाचा संकर नदीकाठच्या कास या रानटी गवताशी करण्याचे जे काम केले, त्यातून को 205 हा वाण आला. लिनिअसने 1753 मध्ये गोड उसाला ‘सॅकरम ऑफिसिनॅरम’ हे नाव दिले होते. कास त्याच वंशातली, पण वेगळी प्रजाती. दोन प्रजातींचा संकर होतो, तर मग वर्गीकरणाला अर्थ काय, अशी शंका इथे रास्त आहे. मला वाटते अर्थ आहेच. दोघे एकाच वंशात बसवलेले असणे हे त्यांचे जवळचे नाते सांगते, आणि संकर जमला तो त्या नात्यामुळेच. प्रजातींमधल्या सीमा निसर्गाने भिंतीसारख्या बांधलेल्या नाहीत, पण त्या मनमानीही नाहीत. आजच्या उसाच्या पेशीत शंभराहून जास्त गुणसूत्रे आढळतात (माणसाच्या पेशीत 46), ती याच मिश्रणाची खूण.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एक ऊस वाळला तरी शेजारचा जगतो, प्रत्येकाची मुळे वेगळी, मग त्यांना एक जीव कसे म्हणायचे? जुळी भावंडे सारख्या वारशाची असली तरी दोनच माणसे असतात. हे मान्य करायलाच हवे. शरीर म्हणून प्रत्येक ऊस स्वतंत्र आहे: पाणी, अन्न, मरण त्याचे स्वतःचे. वारसा म्हणून मात्र सगळा फड एक आहे. पेशी दुभंगताना नकलेत अधूनमधून चुका होतात, त्यामुळे शंभर टक्के सारखेपणा नसतो हेही खरे. पण रोगाला तोंड देण्याची ताकद साऱ्या फडात बदलून जावी इतके ते फरक सहसा मोठे नसतात. जोडलेला वड आणि तोडलेला ऊस यांतले अंतर डोळ्यांना मोठे वाटते, पेशीच्या पातळीवर ते फार थोडे आहे.

याचा पुरावा रोगांनी दिला आहे. महाराष्ट्रात एकेकाळी को 740 सर्वत्र होता. तो काणी या बुरशीजन्य रोगाला बळी पडणारा होता आणि तो दुबळेपणा त्याच्या प्रत्येक टिपरीत होता. अलीकडे उत्तर प्रदेशात को 0238 या एकाच वाणाने बहुतेक क्षेत्र व्यापले, आणि लाल कूज आली तेव्हा गावेच्या गावे सापडली. गवताळ वाढीचे तर विशेषच. हा रोग फायटोप्लाझ्मा नावाच्या, पेशीभित्तिका नसलेल्या सूक्ष्म जीवाणूमुळे होतो. तो उसाच्या अन्नवाहिन्यांतल्या पेशींत राहतो, म्हणून रोगट उसाचे बेणे घेतले की रोगही बेण्याबरोबर नव्या शेतात जातो. बेण्याला उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया देण्याचे कारण हेच.

साखरेच्या अर्थकारणात एकसारखा ऊस हवा, तोडणी आणि उतारा सांभाळायचा तर तो लागतोच, हे कारखान्यांचे म्हणणे खोटे नाही. प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी कारखाना उभा राहिल्यापासून अहिल्यानगर जिल्ह्याची भाकरी उसाशी बांधलेली आहे. पण त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात, राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंत गावठी वाणांचे बी जपले आणि त्याबद्दल त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्या बियाण्यात वेगवेगळे वारसे शाबूत आहेत. हजार एकर एकाच वाणात वारसा एकच. उसाच्या शेतकऱ्याने निदान एवढे करावे: सगळे रान एका वाणाखाली घालू नये, निरोगी बेणेमळ्यातलेच बेणे घ्यावे आणि ते दर तीन वर्षांनी बदलावे.