अमेरिकेचा उपाध्यक्ष : घरचा कीं पाहुणा?

लोकशाही राज्यपद्धतीची चर्चा निघाली म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षाचें नांव सर्वांच्या तोंडीं येतें. परंतु मानानें त्याच्या खालोखाल असणाऱ्या उपाध्यक्षाचें काम तरी कोणतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः अध्यक्ष, उपाध्यक्ष व सीनेटर यांचें परस्परांशीं असलेलें नातें मोठें मनोरंजक व बोधप्रद आहे. त्याचा थोडक्यांत परिचय वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १७८७ मध्यें फिलाडेल्फिया येथें जी राज्यघटना तयार झाली, तींत कायदे करणारी काँग्रेस व राज्यकारभार चालविणारा अध्यक्ष यांस निरनिराळें ठेविलें आहे. काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकीं सीनेटमध्यें संस्थान लहान असो वा मोठें, प्रत्येकाचे प्रतिनिधि दोनच. संस्थानें ५०, म्हणून सीनेटर १००. अध्यक्षानें नेमलेले मंत्री, वकील व न्यायाधीश यांस सीनेटची संमति लागते. परराष्ट्रांशीं करावयाच्या तहास तर हजर सभासदांपैकीं दोनतृतीयांश मतें लागतात. उपाध्यक्ष हा या सीनेटचा सभापति. मात्र दोन्ही बाजूंचीं मतें समसमान पडलीं तरच त्यानें आपलें मत द्यावयाचें! अध्यक्षाच्या घरीं पाहुणा आणि सीनेटच्या घरींही पाहुणाच, अशी ही स्थिति. पहिले उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनीं १७९३ सालीं आपल्या पत्नीस लिहिलेल्या पत्रांत या पदाच्या क्षुद्रपणाबद्दल वैताग व्यक्त केला, यांत नवल नाहीं.

घटनेंत ‘सल्ला व संमति’ असे शब्द आहेत. त्यांस अनुसरून १७८९ च्या ऑगस्टांत जॉर्ज वॉशिंग्टन हे रेड इंडियन लोकांशीं करावयाच्या तहाबद्दल सल्ला घेण्यास स्वतः सीनेटमध्यें गेले. अ‍ॅडम्स यांनीं कागद वाचून दाखविला. पण सीनेटरांनीं तत्काळ उत्तर न देतां प्रकरण कमिटीकडे सोंपविण्याची गोष्ट काढली. वॉशिंग्टन संतापले. दोन दिवसांनीं पुन्हां येऊन त्यांनीं काम उरकलें खरें. परंतु त्यानंतर असा सल्ला विचारण्यास ते सीनेटमध्यें कधीं गेले नाहींत. सल्ला मागें पडला, संमति तेवढी उरली.

उपाध्यक्षाचें तें एक मत केव्हां कोणाचें दैव फिरवील, याचाही नेम नसतो. अध्यक्ष जॅक्सन व त्यांचे उपाध्यक्ष कॅल्हून यांचें विळ्याभोपळ्याचें सख्य होतें. १८३२ च्या जानेवारींत, जॅक्सन यांनीं इंग्लंडांत वकील म्हणून धाडलेल्या व्हॅन ब्यूरेन यांच्या नेमणुकीवर मतें समसमान पडलीं आणि कॅल्हून यांनीं आपलें मत विरुद्ध टाकून ती मोडली. पण झालें भलतेंच. त्याच वर्षीं व्हॅन ब्यूरेन उपाध्यक्ष म्हणून निवडून आले व १८३७ मध्यें अध्यक्षही झाले. कॅल्हून यांनीं मात्र उपाध्यक्षपदाचा राजीनामा देऊन सीनेटर होणें पत्करलें. १९२५ सालीं तर उपाध्यक्ष डॉझ हे हॉटेलांत दुपारची वामकुक्षी घेत असतां सीनेटमध्यें बरोबरीचीं मतें पडलीं. ते धांवत पळत येतात तों एका सीनेटरानें आपलें मत फिरविलें आणि अध्यक्ष कूलिज यांची अ‍ॅटर्नी जनरलची नेमणूक फेटाळली गेली!

याउलट, २०२१ सालीं सीनेटमध्यें दोन्ही बाजूंचें बळ ५०-५० झालें, तेव्हां कमला हॅरिस यांच्या मतास केवढी किंमत आली! आपल्या कारकीर्दींत त्यांनीं ३३ वेळां निर्णायक मत देऊन कॅल्हून यांचा ३१ मतांचा उच्चांक मागें टाकला.

परंतु या पदाचें खरें महत्त्व मतांत नाहीं. १२ एप्रिल १९४५ रोजीं दुपारीं हॅरी ट्रुमन सीनेटमध्यें सभापतीच्या खुर्चींत बसले होते. संध्याकाळीं रूझवेल्ट यांच्या निधनाची वार्ता आली व ते अध्यक्ष झाले. उपाध्यक्ष होऊन त्यांस अवघे ८२ दिवस झाले होते. महायुद्ध चालू होतें, अणुबाँबची सिद्धता होत आली होती. पण तिची तपशीलवार माहिती त्यांस मिळाली ती शपथविधीनंतर, युद्धमंत्री स्टिम्सन यांच्याकडून!

पुढें हळूहळू शहाणपण आलें. उपाध्यक्षाची जागा मध्येंच रिकामी झाल्यास ती काँग्रेसच्या संमतीनें भरावी, अशी दुरुस्ती १९६७ मध्यें घटनेंत झाली. १९७७ मध्यें अध्यक्ष कार्टर यांनीं आपले उपाध्यक्ष व पूर्वीचे सीनेटर मॉन्डेल यांस व्हाइट हाउसमध्येंच कचेरी देऊन सर्व मसलतींत सामील करून घेतलें.

आम्हांस वाटतें, यांतील तात्पर्य राज्यापुरतेंच नाहीं. एकत्र कुटुंबांत वडीलधारा माणूस सर्व व्यवहार आपल्या पोटांत ठेवतो, पाठच्या भावास देण्याघेण्याचा थांगही लागूं देत नाहीं. आणि एके दिवशीं त्याच भावाच्या हातीं किल्ल्यांचा जुडगा येऊन पडतो. ज्याच्या शिरावर उद्यां भार यावयाचा, त्यास आज विश्वासांत घेणें ही मेहेरबानी नव्हे. तें कर्त्या पुरुषाचें कर्तव्य आहे.