वरात फुकट, सही महाग

लग्नाच्या वरातीत गाणं वाजवलं म्हणून कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. लग्नसराई आली की हे वाक्य मी फोनवर सारखी म्हणत असते. वकिली कराडात करते, त्यामुळे साताऱ्याकडचे मंगल कार्यालयवाले येतात तसे पलूस-वाळव्याकडचे साउंडवालेही येतात. हातात इंग्रजी नोटीस, त्यात रक्कम ठळक छापलेली. ‘मॅडम, भरून टाकू का? नको ती कोर्टाची भानगड.’

मी आधी कायद्याचं पुस्तक पुढ्यात ठेवते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. परवानगीशिवाय काय काय करता येतं, त्याची ती लांबलचक यादी. त्यात धार्मिक विधी आणि सरकारी समारंभांना सूट आहे. आणि खाली खुलासा दिलाय की धार्मिक विधीत लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक सोहळेही धरायचे. माझ्या मते हळदीचा डीजेही त्यात येतो. हक्कदार कंपन्यांना हे पटत नाही, भांडण तिथंच आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागानं जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून लग्नसमारंभांकडून रॉयल्टी मागू नका, असं सांगितलं. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये त्याच धर्तीवर परिपत्रक काढलं आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते रद्द केलं. तेवढीच बातमी व्हॉट्सअॅपवर फिरली आणि ‘सूट गेली’ असा बोभाटा झाला. तसं काही झालेलं नाही. कायद्याचा अर्थ सरकारनं परिपत्रक काढून लावायचा नसतो, असं कोर्टानं म्हटलं. कलम जागच्या जागी आहे.

मात्र त्याच कार्यालयात उद्या कंपनीचं स्नेहसंमेलन असेल, किंवा हायवेवरच्या हॉटेलात दिवसभर गाणी चालू असतील, तर परवाना लागतो. तिथं मी पैसे भरायलाच सांगते. भरण्याआधी फक्त एवढं विचारा, की कुठल्या गाण्यांचे हक्क तुमच्याकडे आहेत, यादी दाखवा. शब्द-चालीचे पैसे मागणारी संस्था वेगळी आणि ध्वनिमुद्रणाचे मागणारी वेगळी. आमच्या हॉटेलवाल्याला वाटतं एकाच जेवणाचं बिल दोनदा आलं.

नाटकवाल्यांची गोष्ट त्याहून सोपी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत, त्यामुळे या पट्ट्यात नाटकाचं वेड पिढीजात. हौशी मंडळानं तिकीट न लावता प्रयोग केला तर कलम ५२ मध्ये त्यालाही सूट आहे. तिकीट लावलं की लेखकाचं पत्र घ्यायचं आणि मानधन द्यायचं. हे मंडळांना माहीत असतं. सोयीनं विसरतात, ते वेगळं.

फोटो स्टुडिओवाल्यांना मात्र मी सांगितलेलं आवडत नाही. गिऱ्हाइकानं पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक. वेगळा करार नसेल तर कायदा असंच धरतो. नवरीचा फोटो दुकानाच्या फ्लेक्सवर लावायचा असेल तर बुकिंगच्या पावतीवरच तशी ओळ छापून सही घ्या. एका ओळीचं काम आहे, पण पावतीबुकं आधीच छापलेली असतात ना.

माझा खरा जीव अडकतो तो गाणी लिहिणाऱ्यांत. तासगाव भागातला एक द्राक्षबागायतदार जत्रेची गाणी लिहितो. त्यातलं एक चांगलंच चाललं. मोबाईलवर, बँजोवर, सगळीकडे. त्यानं २०१५ चा करार आणला. शंभराचा स्टॅम्पपेपर, त्यावर साडेतीन ओळी: सदर गीताचे सर्व हक्क रोख रकमेच्या मोबदल्यात कंपनीस दिले आहेत. खाली याची सही, शेजारी कंपनीचा गोल शिक्का. ‘सगळं देऊन बसलो,’ म्हणाला.

मी तो कागद पुन्हा वाचला. किती वर्षांसाठी दिलं, ते लिहिलेलं नव्हतं. कुठल्या प्रदेशासाठी, तेही नाही. कलम १९ म्हणतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरा, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरा. म्हणजे २०२० मध्येच शब्द त्याच्याकडे परत आले होते! ध्वनिमुद्रण कंपनीचं, ते कंपनीकडेच राहणार. पण त्यातल्या शब्दांसाठी आता त्याला विचारावं लागणार. ‘कायमस्वरूपी’ हा एक शब्द टाकला असता तर मीही हात टेकले असते.

आणखी एक गोष्ट २०१२ च्या दुरुस्तीनं दिली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, तिच्यासाठी ते हिरिरीनं बोलले. गीतकार-संगीतकारानं हक्क विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याचाच राहतो. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, कंपनीला सही करून देता येत नाही. सिनेमाबाहेरच्या गाण्यांनाही हे लागू आहे. आमच्याकडे किती शाहिरांना ठाऊक आहे?

‘जुनी गाणी तरी फुकट का?’ हेही विचारतात. हिशेब लेखकाच्या मृत्यूपासून मांडायचा, पुढची ६० वर्षं. आधी ५० होती. रवींद्रनाथांची मुदत १९९१ अखेर संपत होती, त्या सुमारास दहा वाढवली. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यांच्या लावण्या २००६ पासून सर्वांच्या. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे गदिमा १९७७ मध्ये गेले. ‘गीतरामायणा’चे शब्द २०३७ अखेरपर्यंत वारसांचे. चाली सुधीर फडक्यांच्या, ते २००२ मध्ये गेले, म्हणून त्या २०६२ पर्यंत. सज्जनगडच्या समर्थांच्या रचनांवर कुणाचाच हक्क नाही, पण कुणी गायलेली ध्वनिफीत उचलून आपल्या व्हिडिओला लावली तर यूट्यूबचा दावा येणारच. स्वतः गा, घरातल्या कुणाकडून गाऊन घ्या.

आता एआयचं आलंय. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या समितीनं सुचवलं, की एआय कंपन्यांना प्रशिक्षणासाठी सगळं साहित्य वापरू द्यावं, कलावंताला नाही म्हणता येणार नाही, पण रॉयल्टी मिळेल. मला हे अर्धंच पटतं. वाटप संस्थांमार्फत होणार आणि आमचे वगलेखक, भारुडवाले, गोंधळी कुठल्याच संस्थेच्या यादीत नाहीत.

तासगावच्या गृहस्थांनी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या सदस्यत्वाची कागदपत्रं गोळा करायला घेतलीत. परवा ते आणखी दोन शाहीर आणि एक बँजोवाला घेऊन आले. तिघांनी सह्या केल्या होत्या आणि करार कंपनीकडे होता. प्रत एकाकडेही नाही. आधी प्रत मागायचं पत्र लिहायला घेतलंय. लेखी करार कंपनीला दाखवताच आला नाही, तर मात्र मजा आहे. कारण लेखी आणि सही केलेला नसेल, तर हक्क दिलेच गेले नाहीत, असं तेच कलम १९ सांगतं.