कालच्या ताटावर निबंध

कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना 'अन्न' या विषयावर निबंध लिहायला सांगून पाहा. बहुतेक वह्यांत पहिले वाक्य एकच निघेल : अन्न, वस्त्र, निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत. वाक्य खोटे नाही, पण ते लिहिणाऱ्याचे नाही. ते गाइडातून वहीत आले, वहीतून परीक्षेच्या पेपरात जाईल आणि तिथेच राहील.

मी प्राध्यापक नाही. बी.ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण आमच्या चिंचपाड्याहून कॉलेजात जाणारी मुले आपले लेखन दाखवायला येतात आणि मराठी शिकवणारे काही स्नेही अधूनमधून वर्गात बोलावतात. त्या निमित्ताने मी एक प्रयोग करीत आलो आहे. महिनाभर निबंधाचा विषय एकच : अन्न आणि राजकारण. अमेरिकेतल्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाला लेखनाचा स्वतंत्र वर्ग असतो आणि तिथे असा एखादा विषय धरून शिकवण्याची रीत आहे. मॅरियन नेसल यांचे 'फूड पॉलिटिक्स' (२००२) हे या विषयावरचे तिकडचे गाजलेले पुस्तक. आपल्याला एवढ्या लांब जायला नको. नवापूर तालुक्यात हा विषय दारातच उभा आहे.

पहिला धडा सोपा वाटतो. काल रात्री घरात काय शिजले आणि ते कुठून आले, एवढेच लिहायचे. विशेषण एकही नको. पण पहिल्या खेपेला बरीच मुले पाठ्यपुस्तकातले जेवण लिहितात. पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर! घरी मावची किंवा भिली बोलणाऱ्या मुलाच्या वहीतून नागलीची भाकर, उडदाची डाळ, रानातले कंद, ओढ्यातले खेकडे सगळे गायब. प्रमाण मराठीत लिहायचे तर जेवणही प्रमाणच हवे, अशी त्यांची समजूत असते. निबंध तिथेच मरतो. म्हणून मी आधी माझे ताट सांगतो. माझ्याकडून सगळ्यांना ईदच्या शीरखुर्म्याची अपेक्षा असते. मी वर्षातले उरलेले दिवस सांगतो : कळण्याची भाकर, ठेचा आणि तुरीचे वरण. मग दोन पुस्तकांची नावे फळ्यावर लिहितो. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० चे. मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांनी लिहिलेले 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ चे. मधल्या पंचेचाळीस वर्षांत कोणाचे जेवण छापण्याजोगे मानले गेले, हा प्रश्न विचारला की वर्गात हालचाल सुरू होते. दुसऱ्या खेपेच्या वह्यांत खेकडे परत येतात.

'कुठून आले' याचे उत्तर अनेक घरांत रेशन दुकान असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य गटात माणशी ५ किलो धान्य ठरवून दिले. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरडधान्य एक रुपया किलो असा दर होता. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. मुले लिहितात : "गरिबांना धान्य वाटप करण्यात येते." इथे मी थांबतो. 'करण्यात येते' हे आपल्या मराठीचे फार सोयीचे क्रियापद आहे. त्यात करणारा दिसत नाही. कोण देतो? कोणत्या कायद्याने? नाही दिले तर जबाब कोणी द्यायचा? त्या मुलीला मी वाक्य कर्ता घालून पुन्हा लिहायला लावले. कर्ता शोधता शोधता तिला कळले, की कायद्यात हे धान्य हक्क म्हणून लिहिले आहे. तिने 'गरिबांना' हा शब्दही खोडला. व्याकरण शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला सापडलेली नाही.

याच क्रियापदाचा दुसरा नमुना आमच्या तालुक्यानेच देशाला दिला. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्रीत निघाला. तीन किलोमीटरच्या घेऱ्यातले पक्षी मारायचे ठरले. वर्तमानपत्रांत आले : "लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या." या एका वाक्यात दोन वेगळ्या कोंबड्या आहेत. एक पोल्ट्री फार्मवरची. तिचा हिशेब वहीत असतो. दुसरी आदिवासी घराच्या अंगणातली. ती पाहुण्यासाठी असते, नवसासाठी असते आणि अडीनडीला बाजारात नेऊन मीठ-मिरचीचे पैसे करायलाही असते. मुलांना सांगतो, हे एक वाक्य मोडून चार करा. त्याचबरोबर दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडा. रोग माणसात शिरला असता तर? पक्षी मारणे आवश्यक होते, हे मान्य करूनही त्याची किंमत कोणी किती मोजली ते लिहिता येते. २०२१ मध्ये हा रोग नवापुरात पुन्हा आला, तेव्हा आजची कॉलेजातली मुले शाळेत होती. त्यांना ऐकीव माहितीवर लिहावे लागत नाही.

कार्यकारणभाव शिकवायला तूर उत्तम. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे मुलांना तिचा अभिमानही असतो. २०१५ मध्ये शहरांत तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर पेरली, पाऊस बरा झाला, सरकारने मोझांबिकशी आयातीचा करारही केला. पुढच्याच हंगामात भाव बोनससह ५०५० रुपयांच्या हमीभावाखाली आले आणि २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. 'त्यामुळे' हा शब्द कुठे चालतो आणि कुठे फक्त 'त्यानंतर' म्हणता येते, यावर एक तास सहज जातो.

आता अवघड जागा. माझ्या नावामुळे कोणीतरी 'बीफबंदी' काढतेच, आणि मी ती टाळत नाही. फक्त अट अशी, की मत मांडण्याआधी शब्द तपासायचा. महाराष्ट्रात गोहत्येला बंदी १९७६ च्या कायद्यानेच होती. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात बैल आणि वळू आले. म्हैस आली नाही. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने हत्येवरची बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हणजे वर्तमानपत्री शब्द एक आणि कायद्यात गोष्टी चार. यानंतर प्रत्येकाने आपल्याला न पटणारी बाजू अशी लिहायची, की त्या बाजूच्या माणसाने वाचून "हो, मला हेच म्हणायचे होते" असे म्हणावे. काही मुलांना हे नकोसे होते. खरे तर मलाही सोपे जात नाही. बैल म्हातारा झाल्यावर त्याचे काय करायचे, हा शेतकऱ्याच्या मुलाचा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंच्या वह्यांत येतो.

सध्या वर्गात अंडे चालू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले. ज्यांना नको त्यांना केळी. विरोध झाला, नियम बदलले आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा खर्च लोकसहभागातून करावा असे ठरले. नंदुरबारसारख्या, कुपोषणासाठी नाव घेतल्या जाणाऱ्या जिल्ह्यात हा लोकसहभाग कोणाच्या खिशातून येणार? मुलांनी त्यावर मुख्याध्यापकांच्या नावे पत्र लिहायला घेतले आहे. पहिल्या मसुद्यात सातदा 'करण्यात यावे' होते. आता दोनदा उरले आहे.