मेंदूचे आजार, लेखांक ६ : द्राक्षांच्या कामाला जाताना गोळ्यांचं काय?

मागच्या लेखांकात फिट येते तेव्हा मेंदूत काय घडतं ते पाहिलं. पेशींना उत्तेजित करणारी आणि त्यांना आवरणारी रसायनं तिथे सतत काम करत असतात. आवरणारी बाजू उणी पडली की पेशींचा मोठा समूह एकाच वेळी विजेचे संदेश सोडू लागतो आणि माणूस कोसळतो. आवरणाऱ्या मुख्य रसायनाचं नाव गाबा. आजचं औषध, फेनोबार्बिटल, या गाबाचाच परिणाम वाढवतं.

१९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने अपस्माराच्या रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून ते दिलं आणि त्यांचे झटकेच कमी झाल्याचं त्याच्या ध्यानात आलं. हे औषध आजही भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याने सुस्ती येते, काही मुलं चिडचिडी होतात, हे खरंच. पण ते स्वस्त आहे आणि शरीरात बराच काळ टिकतं, त्यामुळे मोठ्या माणसाला बहुधा रात्रीची एकच मात्रा पुरते. योग्य औषध नियमित मिळालं तर दहापैकी सात रुग्णांचे झटके थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग सुरगाण्यासारख्या तालुक्यात अडतं कुठे? माझ्या मते ‘नियमित’ या एका शब्दापाशी. उंबरठाण किंवा बाऱ्ह्याकडच्या पाड्यावरून तालुक्याच्या रुग्णालयात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि तीही दोघांची, कारण फिट येणाऱ्याला कुणी एकटं पाठवत नाही. पावसाळ्यात नाले भरले, आवणी सुरू झाली की महिन्याची फेरी चुकते. भात-नागली निघाली की घरंच्या घरं दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. गोळ्या संपतात. महिनोन् महिने झटका आलेला नसतो, म्हणून आजार गेला असंही वाटतं. फेनोबार्बिटल मात्र असं एकाएकी बंद करणं फार धोक्याचं आहे. दबलेले झटके उसळून येतात, कधी एकामागून एक, मध्ये शुद्धच न येता. त्यात कामाची दगदग आणि अपुरी झोप यांची भर पडते.

म्हणूनच मला नव्या रेणूंच्या शोधाइतकंच दुसऱ्या एका संशोधनाचं मोल वाटतं. कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी फेनोबार्बिटल आणि फेनिटॉइन ही जुनी, स्वस्त औषधंच वापरून खेड्यातल्या रुग्णांवर वर्षानुवर्षे उपचार केले. निम्म्याहून अधिक रुग्णांचे झटके थांबले. तो अभ्यास २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. पुढे लुधियान्यात डॉ. गगनदीप सिंग यांच्या गटाने काही रुग्णांना नेहमीसारखं दवाखान्यात बोलावलं, तर काहींच्या घरी आरोग्य कर्मचारी गोळ्या घेऊन गेल्या. घरपोच गोळ्या मिळालेल्यांनी औषध अधिक नेटाने घेतलं. सुरगाण्यात हे काम करू शकेल अशी आशाताई पाड्यावर आधीच आहे. तिच्या पिशवीत या गोळ्या हव्यात आणि या कामाचा मोबदलाही तिला मिळायला हवा.

भगताला या कामात शत्रू मानणं मला पटत नाही. रात्री-अपरात्री लोक आधी त्याच्याकडेच जातात. अंगारा लावा, पण गोळी थांबवू नका, एवढं त्याने सांगितलं तरी खूप होईल.

मुलींच्या गोळ्या आणखी एका ठिकाणी तुटतात, लग्नात. सासरी कळू नये म्हणून डबी माहेरीच राहते. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्येच काढला गेला. तो कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू नाही, पण लपवाछपवीमागची भीती सगळ्या समाजांत सारखीच. दिवस राहिले की औषध आपल्या मनाने बंद करणाऱ्याही पुष्कळ असतात. व्हॅल्प्रोएटसारखी गोळी गर्भाला खरोखर अपाय करू शकते, म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावं.

झटका आलाच तर कुशीवर वळवा, चुलीपासून, पाण्यापासून दूर घ्या, तोंडात काही घालू नका आणि वेळ पाहा. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ला फोन करा.

बागेच्या कामाला निघण्याआधी पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या. औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी आधार कार्डासोबत ठेवा. संपत आल्या तर ती चिठ्ठी दिंडोरी-निफाडकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येते. मुकादमालाही सांगून ठेवा.

पुढच्या आठवड्यात, दोन-दोन औषधांनीही ज्यांचे झटके थांबत नाहीत त्यांच्यासाठी तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून होणाऱ्या शस्त्रक्रियांविषयी.